सोड म्हणेपर्यंत

प्लास्टर गोठताना गरम होतं. हात आत असेल तर माणूस दचकतो.

•

कातडीचा रंग कालवताना त्यात हिरव्याचा एक ठिपका टाकावा लागतो. तो टाकला नाही तर कातडी बाहुलीची दिसते.

•

ओली वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाताना देणारा विचारतो, "घेतलंस?" घेणारा म्हणतो, "घेतलं." मग हातात नीट बसली की म्हणतो, "सोड." तो सोड म्हणेपर्यंत देणाऱ्याने सोडायचं नाही. नियम वडिलांचा. वडील गेले, नियम राहिला.

•

चर्चमधल्या येशूच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढली आहे. लोक रांगेने येऊन त्या पायाला हात लावतात, त्यामुळे तिथला रंग मधूनमधून नव्याने द्यावा लागतो.

•

जावई मांजराला घाबरतो, पण कबूल करत नाही. म्हणतो, केसांची ॲलर्जी आहे.

•

विश्वासाची प्रार्थना म्हणताना धाकटा एका ओळीला गप्प बसतो. एकाच. आधीची म्हणतो, नंतरची म्हणतो.

•

पेटी निसटली तेव्हा दोघांपैकी आधी कोणी सोडलं, हे दोघांनीही कधी सांगितलं नाही.

•

रंगारीण

रविवारी कारखाना बंद असे आणि जेवणाचं मोठं टेबल म्हणून कारखान्यातलंच टेबल पुसून घेत. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात इतकी माणसं मावत नसत. आज तर बाळाचा बाप्तिस्मा होता. फादर असलेले मामा बाप्तिस्मा द्यायला कालच आले होते, थोरल्या भावाची लेक आणि जावई सकाळी बाळाला घेऊन आले होते, आणि बाळ प्लास्टरच्या रिकाम्या पोत्यांवर घातलेल्या दुलईत निवांत झोपलं होतं.

टेबल दोन भागांच्या मधोमध होतं. एका बाजूला थोरल्या भावाच्या मूर्ती: अर्धे ओतलेले संत, डोळे नसलेली मारिया, कोपऱ्यात पंखांची चळत. दुसऱ्या बाजूला धाकट्याचे पाय: गुडघ्याखालचे, मांडीचे, लहान मुलांचे, बोल्ट लावलेले, बोल्ट न लावलेले. मूर्तींच्या बाजूला घरात 'स्वर्ग' म्हणत आणि पायांच्या बाजूला 'पृथ्वी'. ही नावं दोघांच्या मधल्या बहिणीने ठेवली होती. ती दोन्हीकडचं रंगवायची, म्हणून तिला सगळे रंगारीण म्हणत.

"माझा पॉलिशपेपर कुठाय?" असं कोणी विचारलं की उत्तर यायचं, "पृथ्वीवर." आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

"आज मी एकदाच बोलणार आहे," थोरला पाव मोडत म्हणाला.

"म्हणजे तासभर," रंगारीण म्हणाली.

"धर्मपिता म्हणून धाकटा उभा राहणार नाही."

जावयाने किटली उचलली, ती रिकामी होती, परत ठेवली.

"बाबा, बाळ माझं आहे," लेक म्हणाली.

"बाळ तुझं. चर्च तुझं नाही."

"तुमचं तरी कुठाय?"

"मी चर्चमध्ये सगळी प्रार्थना म्हणतो. पहिल्यापासून शेवटपर्यंत. हा एका ओळीला तोंड मिटतो. 'देवाचा एकुलता एक पुत्र, आपला प्रभू' आलं की हा बुटांकडे बघतो. आणि ही शेजारी उभी राहून दोघांच्या वाटणीचं ओरडते."

"मी ओरडत नाही. माझा आवाजच तसा आहे."

"अख्ख्या चर्चला माहीत आहे!"

"अख्ख्या चर्चला तू पावात लोणी किती लावतोस तेही माहीत आहे," रंगारीण म्हणाली. पण तिला ठाऊक होतं की तो खोटं बोलत नाही. ती खरंच ओरडायची. त्या ओळीच्या आधी ती श्वास भरून घ्यायची.

ती धाकट्याकडे बघू लागली. त्याने आता काहीतरी बोलावं, भांडावं, म्हणजे आपल्याला त्याची बाजू घेता येईल.

"दादा बरोबर बोलतोय," धाकटा म्हणाला. "मी हिला आधीच सांगितलं होतं, मला नको घेऊस म्हणून."

"काका, तू गप्प बस," लेक म्हणाली.

"गप्प बसलो तरी तक्रार, बोललो तरी तक्रार."

जावई हसला आणि सासऱ्याकडे बघून हसायचा थांबला.

•

थोरला

त्याला धाकट्याचा राग नव्हता. असं तो कितीतरी वेळा मनाशी म्हणाला होता, आणि ते खरं होतं की नाही हे तपासून बघण्याची त्याला गरज वाटली नव्हती.

लेक आठवीत असताना ट्रकमधून संताच्या मूर्तीची पेटी उतरवायची होती. एका टोकाला थोरला, दुसऱ्या टोकाला धाकटा. ती शाळेतून येऊन खालच्या पायरीवर बसली होती. पेटी निसटली. संताला खरचटलंसुद्धा नाही. तिचा डावा पाय घोट्याच्या वरून काढावा लागला.

त्यानंतर थोरला रोज चर्चमध्ये मिस्सेला जाऊ लागला. धाकटा मूर्तींचं काम सोडून एका हॉस्पिटलमध्ये कृत्रिम पाय बनवायला शिकला आणि परत येऊन त्याने अर्धा कारखाना मागून घेतला. पुढे छताला जड पेट्या उचलायची चेनपुली बसवली. त्या दिवसानंतर दोघा भावांनी मिळून काही उचललेलं नव्हतं.

तिचा पहिला पाय बसला नाही. दुसरा बसला नाही. तिसऱ्याने ती चालली. भिंतीपासून सुटून तीन-चार पावलं ती चालत आली, हात पुढे करून, आणि काकाच्या अंगावर पडली. थोरला दाराशी उभा होता. त्याने देवाचे आभार मानले. मनापासून मानले. आणि तिने काकाच्या शर्टात तोंड खुपसलं होतं.

आता ती जमीन मोजणीच्या खात्यात होती. दिवसभर शेताच्या बांधावरून चालायची.

"मी तुझ्या कामाला नावं ठेवत नाही," तो धाकट्याला म्हणाला. "तू जे करतोस ते माझ्याच्याने झालं नसतं. पण बाप्तिस्म्यात तुझं काम विचारत नाहीत. कोणावर विश्वास ठेवतोस ते विचारतात. बाळाच्या वतीने तू काय सांगणार? बुटांकडे बघणार?"

"नाही, खोटं नाही सांगणार."

"तेच म्हणतोय मी!"

"मग भांडण कशावर चाललंय?" जावयाने विचारलं.

•

मामा

फादर मामा अंडं सोलत होते. त्यांची बोटं थरथरत, त्यामुळे सालीबरोबर पांढरंही निघत होतं, आणि ते पांढरं ते वाया न घालवता खात होते. आयुष्यात त्यांनी पुष्कळ घरांच्या टेबलांवर असे वाद ऐकले होते. बहुतेक ठिकाणी वाद दिसतो तो नसतो. इथेही नव्हता, हे त्यांना कळत होतं. पण जो दिसत होता त्याचंही उत्तर द्यायलाच हवं होतं.

"फादर आजोबा, तुम्ही सांगा," लेक म्हणाली. "याच्याकडे माणसं येतात ती रांगत येतात, कुबड्यांवर येतात. जाताना चालत जातात. याने एकालाही विचारलं नाही, तुझा देव कोणता. हे पुरत नाही?"

"पुरत नाही म्हटलं तर मी दुष्ट," मामा म्हणाले. "आणि पुरतं म्हटलं तर मी बेकार."

"मामा, मस्करी नको," थोरला म्हणाला.

"मस्करी नाही रे. बघ, चांगली कामं करून देवाला बांधून घेता येत नाही, असं आपण मानतो. मी एवढं केलं, आता तू दार उघड, असं चालत नाही. पण मी मानतो ना सगळं, मग हातावर हात ठेवून बसतो, हेही चालत नाही. विश्वास जिवंत असेल तर हात हलतातच. दोन्ही सांगितलं की दोन्हीकडच्या माणसांना राग येतो. चाळीस वर्षं तेच करतोय."

"मग याचे हात हलतात, तर आत काहीतरी जिवंत असेलच की!" लेक म्हणाली.

मामांनी तिच्याकडे कौतुकाने बघितलं. "हे मात्र बरोबर पकडलंस."

"मला नको त्यात धरू," धाकटा म्हणाला. तो आत्तापर्यंत शांत होता, पण आता त्याने पेला बाजूला सरकवला. "मामा, तुम्ही आता येशूचं ते वाक्य म्हणणार. भुकेल्याला दिलंत ते मला दिलंत. उघड्याला पांघरलंत ते मलाच. म्हणजे मी पाय करतो तो त्या माणसाचा नाहीच, येशूचा. मला न कळता मी तुमच्यातलाच."

"म्हणणार होतो खरं."

"नको. गेल्या आठवड्यात खाणीतला माणूस आला होता. मी त्याचा पाय केला. त्याचाच. त्याच्यामागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणाचा नाही. त्याला कळलं असतं ना, की हा माझ्यासाठी नाही करत, माझ्यातल्या देवासाठी करतोय, तर तो पाय माझ्या अंगावर फेकून गेला असता."

"मीपण फेकला असता," लेक म्हणाली, आणि मग तिला वाटलं, आपण कोणाच्या बाजूने बोललो?

रंगारीण हसली. "घ्या. आता हिची पण पार्टी बदलली."

"येशू मोठा माणूस होता," धाकटा म्हणाला. "दादा त्याला मानतो तितकंच मीही मानतो. कदाचित जास्त. कोणी शिवत नव्हतं त्यांना तो शिवला. तेवढं मला पुरतं. तुम्ही त्याला देव करता आणि माझ्यापासून लांब नेता. माणूस असेल तर मला त्याच्यासारखं व्हायचा प्रयत्न तरी करता येतो."

"मोठा माणूस!" थोरला टेबलावर हात आपटत म्हणाला. बाळ दुलईत चुळबुळलं, सगळे थबकले, बाळ पुन्हा झोपलं. थोरला आवाज खाली आणून बोलू लागला, आणि खालच्या आवाजात तो जास्त रागावलेला वाटत होता. "मोठ्या माणसांचे पुतळे चौकात असतात. त्यांच्या डोक्यावर कबुतरं बसतात. त्यांच्यासमोर कोणी गुडघे टेकत नाही, मुलगी आजारी आहे म्हणून कोणी त्यांच्याकडे रडत नाही. तो फक्त माणूस असेल तर मी या बाजूला बसून बाहुल्या करतोय. आयुष्यभर बाहुल्या."

मामांना वाटलं, खरी जखम ही आहे. दोघांपैकी एकाचं बरोबर असेल तर दुसऱ्याचं आयुष्य फुकट जातं, असं दोघंही समजून चालले आहेत.

त्यांनी अंड्याची सालं एका जागी गोळा केली.

"मला एकच सांग," ते धाकट्याला म्हणाले. "एखादा भला माणूस तुझा खाणवाला बघून काय म्हणेल? शाबास, त्याच्यासाठी चांगलं केलंस. बरोबर? येशू काय म्हणतो? माझ्यासाठी केलंस. कुठल्या तरी खाणीतल्या माणसाचा पाय, आणि हा म्हणतो, माझा. असं बोलणारा एकतर खरोखरच देव असला पाहिजे, सगळ्यांच्या आत जाऊन बसलेला. नाहीतर फार आगाऊ माणूस."

"आगाऊच असेल," धाकटा म्हणाला.

आधी रंगारीण हसली, मग लेक, मग जावई, आणि शेवटी मामाही. थोरला हसला नाही. पण त्याने किटली उचलली आणि वर जाऊन चहा भरून आणला. त्याच्या बाबतीत हे बरंच होतं.

•

मधला तुकडा, ज्यात कोण बोलतंय ते आवाजावरूनच कळत होतं, कारण सगळे भांडी आवरत होते

"मग तू दर रविवारी येतोस कशाला?"

"कुठे?"

"चर्चला. देव मानत नाहीस तर येतोस कशाला?"

"देव मानतो, दादा. त्याच्या मुलाशी अडतं."

"शब्द नको फिरवू. कशाला येतोस?"

"पाय बघायला."

"कोणाचा?"

"तुझ्या येशूचा. डावा."

"त्याच्या पायाला काय झालं?"

"काही नाही झालं. माझा आहे तो."

कोणीतरी ताटली ठेवली. कोणीतरी नळ बंद केला.

•

लेक

तिने मोजा काढला. सगळ्यांसमोर मोजा काढायची तिला सवय होती, लाज कधीच गेली होती. आधी उजवा पाय, खरा, टेबलाखालच्या फळीवर ठेवला. करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. लहानपणी आई त्या बोटात कापूस अडकवायची, तरी ती चढायचीच.

डावा पाय करताना काकाकडे तिचा डावा पाय नव्हता. त्याने तिचा उजवा पाय स्टुलावर ठेवायला लावला, समोर आरसा उभा केला आणि आरशात बघत माती लावत बसला. आरशातला पाय डावा असतो. ती कंटाळायची, तो म्हणायचा, हलू नको, पाय पळून जाईल. करंगळीसुद्धा त्याने तशीच चढवली. तिने विचारलं होतं, ही कशाला, नीट कर की आता संधी आहे तर. तो म्हणाला, मग तो तुझा होणार नाही.

त्या मातीवरून साचा झाला. साच्यातून पाय झाला. पुढे तिचे पाय बदलत गेले, साचेही बदलले. तो पहिला साचा कुठे गेला हे तिने कधी विचारलं नव्हतं.

आणि मूर्ती तर ती कायम बघत आली होती. वेदीच्या डाव्या बाजूला, माणसापेक्षा वीतभर कमी, झग्याखालून दोन पाय पुढे आलेले. उजवा पाय रुंद, पुरुषी, बाबांनी घडवलेला. डावा थोडा बारीक. त्या पायाला तिने स्वतः हात लावला होता, लग्नाच्या आदल्या दिवशी. तिथली करंगळी बोटाला लागली होती. तरी लक्षात आलं नव्हतं. स्वतःचा पाय देवाला असेल असं कोण कशाला समजेल?

"मूर्ती बसवली त्या दिवशीच दिसलं मला," काका म्हणाला. "मी म्हटलं, कोणी बोलत नाही तर मी कशाला बोलू."

"माझी चूक आहे ती," आत्या म्हणाली.

ती हातातला फडका पिळत होती, फडका कोरडा होता. "मी रंगवायला बसले तेव्हा पाय लावून झाला होता. साचा माझ्या फळीवर होता. मीच केव्हातरी पृथ्वीवरून उचलून आणला असणार, दोन्हीकडचं सामान एकत्र करायची मला घाणेरडी सवय. रंगवताना मला कळलं. पण मूर्ती दुसऱ्या दिवशी जायची होती. मी रंगवून टाकला. एकदा कन्फेशनमध्ये पण सांगितलं."

"मग?" मामांनी विचारलं.

"फादर हसले. प्रायश्चित्त पण दिलं नाही. मला फार वाईट वाटलं."

"दिलदार फादर," जावई पुटपुटला.

लेक बाबांकडे बघत होती. बाबांनी आत्याला झापायला हवं होतं. एका चुकीसाठी ते आत्याला आठवडाभर बोलत, आणि ही तर चर्चच्या वेदीजवळची चूक होती. बाबा खिडकीपाशी उभे राहून हात पुसत होते. पुसून झाले तरी पुसत होते.

"बाबा?"

"उशीर होतोय," ते म्हणाले. "बाळाला उठवा."

"पण काकाचं काय ठरलं?"

बाबांनी मामांकडे बघितलं. पहिल्यांदाच असं बघितलं की जणू उत्तर त्यांनाही हवं होतं.

"मी प्रश्न विचारणार," मामा म्हणाले. "ते माझं काम. ज्याला जे उत्तर देता येईल ते त्याने द्यावं. धर्ममाता म्हणून रंगारीण आहे, नियमाला एक माणूस पुरतो. धाकट्याला धर्मपिता म्हणून मी उभा करणार नाही. तोही उभा राहणार नाही."

"नाही," काका म्हणाला.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि तिला त्या पाण्याचाच राग आला. "बरं. नाही तर नाही. पण बाळाला धरायला नियम आहे का काही?"

"धरायला?" मामा म्हणाले.

"बाप्तिस्म्याच्या कुंडापर्यंत न्यायला. काकाने धरायचं. मी चालायला लागले ती त्याच्याकडे. माझ्या मुलीला पाण्यापर्यंत त्याने न्यायचं. एवढं तरी."

मामांनी थोरल्याकडे बघितलं. थोरला काही बोलला नाही. त्या घरात न बोलणं म्हणजे नाही, असाच अर्थ घेत. पण आज कोणी तो तसा घेतला नाही.

•

मामा

कुंडाशी ऊन येत होतं. रविवारची गर्दी गेलेली होती. मागच्या बाकावर दोन बायका होत्या, त्या बाप्तिस्म्यासाठी नव्हत्या, पंख्याखाली बसल्या होत्या.

आई-वडील एका बाजूला, रंगारीण मेणबत्ती घेऊन त्यांच्याजवळ, धाकटा बाळाला घेऊन कुंडासमोर. थोरला पहिल्या बाकाशी उभा. डावीकडे मूर्ती. मामांना तिच्याकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं. बोटांवरचा रंग उडाला होता, खाली पांढरं दिसत होतं.

त्यांनी पुस्तक उघडलं. त्यांना ते पाठ होतं, पण हात थरथरतात तेव्हा काहीतरी धरलेलं बरं.

सैतानाला नाकारता का, त्याच्या कामांना नाकारता का. सगळे म्हणाले, नाकारतो. धाकटाही म्हणाला, आणि ठणठणीत म्हणाला. सैतानाबद्दल त्याला काही अडचण नव्हती.

"स्वर्ग आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या सर्वसमर्थ पित्यावर तुम्ही विश्वास ठेवता का?"

"ठेवतो."

'स्वर्ग आणि पृथ्वी' ऐकून रंगारणीच्या तोंडाचा कोपरा हलला. मामांनी ते पाहिलं.

पुढचं वाक्य सुरू करण्याआधी ते थांबले. नियमाप्रमाणे थांबायचं नसतं. ते म्हातारे होते, चष्मा सारखा करायला थांबले असं म्हणता आलं असतं.

धाकटा बाळाकडे बघत होता. मग त्याने मान वळवली आणि भावाकडे बघितलं. कसलीही खूण केली नाही. थोरला बाक सोडून पुढे आला, हात आधीच पुढे केलेले.

"घेतलंस?" धाकट्याने विचारलं. अगदी हळू.

थोरल्याने बाळाच्या मानेखाली एक हात घातला, पाठीखाली एक.

"घेतलं."

आणि तो थांबला. पुढचा शब्द तो बोलला नाही.

धाकटा वाट बघत राहिला. शब्द आला नाही, म्हणून त्याने सोडलं नाही. बाळाखाली चार हात होते आणि दोन भाऊ एकमेकांच्या इतके जवळ उभे होते की त्यांची कपाळं जवळजवळ टेकत होती. मामांना या घरातला नियम माहीत होता. तो त्यांच्या मेहुण्याचा होता आणि त्या नियमाखाली त्यांनी स्वतःही एकदा अर्धा संत मिखाएल उचलला होता.

"येशू ख्रिस्त, देवाचा एकुलता एक पुत्र, आपला प्रभू," त्यांनी विचारलं, "जो आपल्यासाठी मेला आणि पुन्हा उठला, त्याच्यावर तुम्ही विश्वास ठेवता का?"

लेक म्हणाली, ठेवते. जावई म्हणाला, ठेवतो. रंगारणीने श्वास भरून घेतलेला होता, पण ती आज ओरडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, इतरांसारखी.

"ठेवतो," थोरला म्हणाला. तो मामांकडे बघत नव्हता, मूर्तीकडेही नाही. भावाच्या हातांकडे बघत होता.

धाकटा काही बोलला नाही. त्याचे ओठ मिटलेले होते आणि हात बाळाखाली होते. बुटांकडे मात्र त्याने बघितलं नाही.

मामांच्या मनात आलं, मला कोणी विचारलं की हे काय चाललं होतं, तर मी सांगेन की लहान मूल जड असतं. मग त्यांना वाटलं, हात हलतातच, असं मी मघाशी म्हणालो होतो. आणि पुढे काही वाटायच्या आत त्यांनी तिसरा प्रश्न विचारला, आत्म्याचा, चर्चचा, पुन्हा उठण्याचा, आणि पाणी ओंजळीत घेतलं.

पाणी गार होतं. बाळ ओरडलं, हातपाय झाडले. चार हातांत ते कुठे निसटणार नव्हतं.

तीनदा पाणी घातलं. नाव दिलं. बाळ आईकडे बघून आणखी जोरात रडू लागलं.

"सोड," थोरला म्हणाला.

धाकट्याने सोडलं.

•

डाव्या पायाचा साचा पृथ्वीवरून स्वर्गात थोरल्याने स्वतः नेऊन ठेवला होता, लेक पहिल्यांदा चालली त्याच दिवशी, सगळे तिच्याभोवती वर जमले असताना.